पाळणाघराचा खर्च आणि प्राप्तिकरातील वजावट : ठाणे-नवी मुंबईतील व्यावसायिकांसाठी

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधील एखाद्या कारखानदाराने कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर काढायचे मनावर घेतले, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : यावर करात सूट किती मिळेल? प्रश्न रास्त आहे, पण पाळणाघरासाठी प्राप्तिकर कायद्यात एखादे खास कलम असणार असे त्यात गृहीत धरलेले असते. तसे कलम आपल्याकडे नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ‘खर्चाच्या चाळीस टक्के रक्कम थेट करातून वजा’ असे जे वाचायला मिळते, ते अमेरिकेतील मालकांसाठी आहे. तिथे २०२६ पासून पात्र खर्चाच्या ४० टक्के, कमाल पाच लाख डॉलर, आणि लहान उद्योगांना ५० टक्के, कमाल सहा लाख डॉलर, इतकी रक्कम करातूनच कमी होते. आपल्याकडे पाळणाघराचा खर्च व्यवसायाच्या इतर खर्चांबरोबर सर्वसाधारण कलमांखाली नफ्यातून वजा होतो आणि उरलेल्या नफ्यावर कर लागतो.

खास कलम नसल्यामुळे वजावट किती मिळते आणि कोणत्या वर्षी मिळते, हे बरेचसे तुम्ही खर्च कसा विभागता, पैसे कोणत्या मार्गाने देता आणि कोणता कागद जपून ठेवता यावर ठरते. खेळणी विकत घेण्याआधी हे ठरवून घ्यावे.

कोणता कायदा कधी लागू

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ अमलात आला आहे. म्हणून आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र १९६१ च्या जुन्या कायद्यानुसार आणि २०२६-२७ पासूनचे नव्या कायद्यानुसार भरायचे आहे. व्यवसायासाठी केलेल्या महसुली, म्हणजे रोजच्या चालू, खर्चाची सर्वसाधारण वजावट जुन्या कायद्यात कलम ३७(१) मध्ये होती, ती आता कलम ३४ मध्ये आहे. घसारा, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट, कलम ३२ मधून कलम ३३ मध्ये गेला आहे. तत्त्व बदललेले नाही, आकडे मात्र फसवे आहेत. नव्या कायद्यातील कलम ३७ हे जुन्या ४३बी चे, म्हणजे ‘पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच वजावट’ या तरतुदीचे आहे. ठराव किंवा करारात कलमाचा उल्लेख करायचाच असेल तर तो कोणत्या कायद्याचा आहे हेही लिहावे. खाली सोयीसाठी बहुतेक ठिकाणी जुनेच क्रमांक दिले आहेत, कारण हिशेबनीसांच्या तोंडी अजून तेच आहेत.

पहिली पायरी : पाळणाघर तुमच्यावर बंधनकारक आहे का

हा प्रश्न कामगार कायद्याचा वाटतो, पण त्याचे उत्तर पुढे करातही तीन ठिकाणी उपयोगी पडते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने कलम ११ए आले आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे भाग पडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६७ मध्ये आहे. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा द्यावी लागते आणि तिच्या विश्रांतीची सुट्टी त्यातच धरली जाते. दुकाने व कार्यालयांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाही पन्नास कामगारांवर पाळणाघर मागतो आणि एक किलोमीटरच्या परिघात अनेक आस्थापनांना मिळून एक पाळणाघर चालवण्याची वाट ठेवतो.

पन्नासाची मोजणी करताना एक चूक वारंवार दिसते. ‘आमच्याकडे बायका सातच आहेत, आम्हाला कशाला लागू होईल’ असे म्हटले जाते. संहितेतील आकडा एकूण कर्मचाऱ्यांचा आहे, केवळ स्त्रियांचा नाही. हजेरीपटावरून वर्षातील प्रत्येक महिन्याची संख्या काढून तो तक्ता फाइलमध्ये पहिल्या पानावर लावावा.

बंधन असेल तर खर्च व्यवसायासाठीच होता हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. कर्मचारी पन्नासपेक्षा कमी असतील आणि सोय स्वखुशीने केली असेल, तरीही खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी असल्यास वजावट मिळते. मात्र त्यासाठी एक पानभर टिपण हवे. बाळंतपणानंतर किती अनुभवी स्त्रियांनी काम सोडले, त्यांच्या जागी माणसे मिळवायला काय पडले, दुसऱ्या पाळीत गैरहजेरी किती होती, असे स्वतःच्या कारखान्यातले आकडे त्यात असावेत. भागीदारी संस्थेत भागीदारांनी आणि कंपनीत संचालक मंडळाने त्यावर ठराव करावा, आणि तो खर्च सुरू होण्याआधीच्या तारखेचा असावा.

दुसरी पायरी : सोय कोणत्या रूपात करणार

स्वतःच्या इमारतीतील खोली, भाड्याचा गाळा, पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेकडून घेतलेल्या ठरावीक जागा, किंवा शेजारच्या कारखान्यांबरोबर सामाईक व्यवस्था, असे चार मार्ग आहेत. करापुरते बोलायचे तर तिसरा मार्ग सर्वांत सुटसुटीत आहे. संस्था दरमहा बिल देते, ते सबंध महसुली खर्चात जाते आणि त्याच वर्षी वजा होते. घसाऱ्याचा प्रश्न येत नाही. कर्मचारी साठ-सत्तर आणि लहान मुले आठ-दहा असतील, तर मी हाच मार्ग सुचवतो. स्वतःची खोली उभारण्यात समाधान अधिक असते हे मान्य आहे, पण आठ मुलांसाठी दोन मावश्या, स्वयंपाकाची सोय आणि त्यांच्या रजांचे नियोजन सांभाळणे हे छोट्या कारखान्याच्या आवाक्यातले काम नव्हे.

सामाईक पाळणाघर टीटीसी, म्हणजे रबाळे-महापे बाजूच्या औद्योगिक पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये स्वाभाविक ठरते, कारण एका रस्त्यावर दहा-बारा गाळे असतात. संहितेनेही आस्थापनांनी एकत्र येऊन पाळणाघर चालवण्यास स्पष्ट मान्यता दिली आहे. येथे मोह होतो तो एक न्यास किंवा मंडळ स्थापून त्यात सर्वांनी वर्गणी भरण्याचा. तो टाळावा. मालकाने कर्मचाऱ्यांसाठीच्या एखाद्या निधीला, न्यासाला किंवा संस्थेला दिलेली वर्गणी कलम ४०ए(९) खाली नामंजूर होऊ शकते. एखाद्या कायद्याने भरणे भाग असलेली रक्कम या कलमातून सुटते हे खरे, पण तो युक्तिवाद करण्याची वेळच का आणावी? त्यापेक्षा सर्व कारखान्यांनी एकाच चालकाशी करार करावा आणि चालकाने प्रत्येकाला त्याच्या मुलांच्या संख्येनुसार वेगळे बिल द्यावे. ज्याचे बिल, त्याची वजावट.

भाड्याचा गाळा घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. एमआयडीसीचे भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतात. तेव्हा तुमच्या घरमालकाकडे पोटभाड्याची परवानगी आहे का हे लिव्ह अँड लायसन्स करारापूर्वीच विचारावे.

तिसरी पायरी : महसुली आणि भांडवली खर्च वेगळे करा

बहुतेकांचे हिशेब इथेच चुकतात. मावश्यांचे पगार, भाडे, वीज, दूध-खाऊ, साफसफाई, औषधे, विमा, डॉक्टरांच्या भेटींचे शुल्क, रंगरंगोटीची किरकोळ दुरुस्ती हे सारे महसुली खर्च असून त्या त्या वर्षी पूर्ण वजा होतात. ज्या वस्तू वर्षानुवर्षे टिकणार त्या भांडवली, आणि त्यांवर केवळ घसारा मिळतो. पाळणे, कपाटे, बसक्या खुर्च्या आणि बसवलेली विजेची जोडणी यांवर १० टक्के. वातानुकूलन यंत्र, फ्रिज, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, सीसीटीव्ही यांवर १५ टक्के. संगणकावर ४० टक्के. कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या इमारतीवर १० टक्के. जमिनीवर घसारा नाही. घरमालकाला दिलेली अनामत तर खर्चच नव्हे, ती येणे रक्कम आहे.

भाड्याच्या गाळ्यात फरशी, स्वच्छतागृह, लहान मुलांच्या उंचीचे बेसिन असे काम केले, तर कायदा तुम्हाला त्या कामापुरते मालक समजतो आणि तुम्ही इमारतीच्या दराने घसारा घेऊ शकता. निव्वळ तात्पुरत्या लाकडी बांधकामाला ४० टक्के दर आहे हे समजल्यावर काही जण सगळेच अंतर्गत काम त्या सदरात घालतात. प्लायवुडची एखादी आडोशाची भिंत त्यात बसेल. टाइल लावलेले स्वच्छतागृह बसणार नाही. या ओढाताणीतून मिळणारा फायदा एका वर्षापुरता असतो आणि वाद तीन वर्षे चालतो.

तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. वस्तू ज्या वर्षी घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. साधारणपणे ३ ऑक्टोबरपर्यंत वस्तू वापरात आली तर पूर्ण दर लागू होतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर उद्घाटन करायचे असेल तर पंचांगाबरोबर हीही तारीख पाहून ठेवावी, कारण दसरा अनेकदा त्यानंतर येतो. बिलाची तारीख पुरेशी नाही, वापर महत्त्वाचा. पाळणाघराच्या पहिल्या दिवसाचा हजेरीपट हा त्याचा उत्तम पुरावा आहे. कर्ज काढून वस्तू घेतली असल्यास ती वापरात येईपर्यंतचे व्याज तिच्या किमतीत धरावे लागते, त्यानंतरचे व्याज वजा होते.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. महाप्यातील ६४ कर्मचाऱ्यांच्या खासगी कंपनीने शेजारचा गाळा दरमहा ३५,००० रुपयांनी घेऊन १ एप्रिलपासून पाळणाघर सुरू केले. फर्निचर ३,००,००० रुपये, यंत्रे २,००,००० रुपये, गाळ्यातील बांधकाम २,५०,००० रुपये, म्हणजे भांडवली खर्च ७,५०,००० रुपये. वर्षाचे भाडे ४,२०,००० रुपये, प्रत्येकी १८,००० रुपयांवर तीन मावश्यांचे पगार ६,४८,००० रुपये, वीज, खाऊ व स्वच्छता १,८०,००० रुपये, विमा व डॉक्टर ४०,००० रुपये, म्हणजे महसुली खर्च १२,८८,००० रुपये. खिशातून एकूण २०,३८,००० रुपये गेले. वजावट मात्र महसुली १२,८८,००० रुपये आणि घसारा ३०,००० अधिक ३०,००० अधिक २५,००० असे ८५,००० रुपये मिळून १३,७३,००० रुपयांची. कंपनीने कलम ११५बीएए चा सवलतीचा दर निवडला असेल तर अधिभार आणि उपकर धरून कर २५.१६८ टक्के बसतो, म्हणून वाचलेला कर सुमारे ३,४५,५५७ रुपये. हाच खर्च भागीदारी संस्थेने केला आणि तिला अधिभार लागत नसेल, तर ३१.२ टक्क्यांनी ४,२८,३७६ रुपये वाचतात. उरलेले ६,६५,००० रुपये पुढील वर्षांच्या घसाऱ्यात हळूहळू येत राहतील. सवलतीचा दर निवडणाऱ्या कंपनीला काही खास वजावटी सोडाव्या लागतात, पण नेहमीचा घसारा आणि व्यवसायखर्च त्यांत मोडत नाहीत.

आईवडिलांकडून महिन्याला काही शुल्क घेत असाल तर ती रक्कम उत्पन्नात दाखवावी किंवा खर्चातून कमी करावी. पूर्ण खर्च वजा करून शुल्क बाजूला ठेवणे चालत नाही.

चौथी पायरी : पैसे देण्याची रीत

खर्च खरा असूनही वजावट जाते ती बहुधा पैसे देण्याच्या पद्धतीमुळे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिले तर तो महसुली खर्च कलम ४०ए(३) खाली नामंजूर होतो. वस्तू खरेदीत तशी रोख दिली तर तेवढी रक्कम वस्तूच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे तिच्यावर घसाराही नाही. सुताराला आणि गवंड्याला आठवड्याच्या शेवटी रोख देण्याची सवय इथे महागात पडते.

मुळातून करकपात, म्हणजे टीडीएस, हा दुसरा भाग. एप्रिल २०२५ पासून जागेचे भाडे महिन्याला ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तर १० टक्के कापावे लागतात. वरच्या उदाहरणातील ३५,००० रुपयांच्या भाड्यावर कपात नाही. पाळणाघर चालवण्याचे कंत्राट दिले असेल तर एका बिलाची रक्कम ३०,००० रुपयांपेक्षा किंवा वर्षाची एकूण रक्कम एक लाखापेक्षा अधिक झाल्यास कपात लागते : चालक व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असल्यास १ टक्का, संस्था किंवा कंपनी असल्यास २ टक्के. नव्या कायद्यात या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र केल्या आहेत. कपात राहून गेली तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग त्या वर्षी वजा होत नाही. पगारी मावश्यांच्या बाबतीत भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दर महिन्याच्या १५ तारखेपूर्वी भरावे.

तिसरी गोष्ट चालकाच्या उद्यम, म्हणजे लघुउद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीची. पाळणाघर चालवणाऱ्या संस्था बहुधा सूक्ष्म किंवा लघु उद्योगांत मोडतात. अशा नोंदणीकृत चालकाचे बिल लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. मुदत उलटून ३१ मार्चला बिल थकलेले असेल तर कलम ४३बी(एच) नुसार वजावट त्या वर्षी न मिळता पैसे दिल्याच्या वर्षी मिळते. फेब्रुवारीची बिले मार्चअखेर निकाली काढावीत.

पाचवी पायरी : जीएसटीचे क्रेडिट

प्राप्तिकराच्या वजावटीपेक्षा कधी कधी इनपुट क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी स्वतःच्या जीएसटीतून वळता करून घेण्याचा, फायदा लवकर हाती येतो. कर्मचाऱ्यांसाठीच्या खानपानासारख्या काही सेवांवर जीएसटी कायद्याचे कलम १७(५) क्रेडिट अडवते. पण एखाद्या कायद्याने ती सोय मालकावर बंधनकारक केली असेल तर ते खुले होते. पहिल्या पायरीतील पन्नास कर्मचाऱ्यांचा तक्ता इथे कामाला येतो. गाळ्यातील बांधकाम भांडवली खर्चात धरले असेल तर त्याचे क्रेडिट मिळत नाही. तो कर बांधकामाच्या किमतीत मिळवून त्यावर घसारा घ्यावा. फ्रिज किंवा कपाटावरील जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल तर तीच कररक्कम किमतीत धरून घसारा घेता येत नाही. दोन्हींपैकी एकच निवडायचे, आणि क्रेडिट घेणे जवळजवळ नेहमीच फायद्याचे. उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्या कंपोझिशन योजनेतील व्यावसायिकाला हा विचारच करावा लागत नाही. त्याला क्रेडिट नाही.

जिथे वजावट हमखास अडते

मोठ्या कंपन्यांत पाळणाघराचा खर्च सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या खात्यात टाकण्याचा विचार होतो. त्याने दोन्हीकडून नुकसान होते. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचे काम कंपनी कायद्याच्या नियमांनुसार सीएसआर ठरत नाही, आणि सीएसआर म्हणून दाखवलेला खर्च प्राप्तिकरात व्यवसायखर्च म्हणून वजा होत नाही. कर्मचाऱ्यांच्या मुलांचे पाळणाघर कर्मचारी कल्याणाच्या खात्यातच ठेवावे. वस्तीतील इतर मुलांसाठी वेगळे केंद्र चालवले तर त्याचा हिशेब पूर्णपणे निराळा असावा.

छोट्या कारखान्यांत अडचण घरगुती असते. मालकाची मुलगी पाळणाघर चालवते, तिला बाजारभावापेक्षा अधिक मोबदला दिला जातो, आणि मालकाची नातवंडेही तिथेच वाढतात. जवळच्या नातलगाला दिलेला अवाजवी भाग कलम ४०ए(२) खाली नामंजूर होऊ शकतो, तर घरच्या मुलांवरील खर्च व्यवसायाचा नव्हेच. मुलीने चालवू नये असे कायदा म्हणत नाही. परिसरातील दोन इतर चालकांची दरपत्रके फाइलमध्ये असावीत आणि नातवंडांचे शुल्क रीतसर जमा व्हावे, इतकेच.

पाळणाघर उभारण्याऐवजी पगारात रोख भत्ता दिला तर मालकाला पगार म्हणून वजावट मिळते, पण कर्मचारी आईच्या हाती येताना तो करपात्र पगार होतो. शिवाय केवळ भत्ता दिल्याने सोय करण्याचे कायदेशीर बंधन पूर्ण होईलच असे गृहीत धरू नये. आणि जो व्यावसायिक कलम ४४एडी, आताच्या कलम ५८ खाली उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा गृहीत धरून कर भरतो, त्याला पाळणाघराचा खर्च वेगळा मागता येत नाही. तो खर्च गृहीत नफ्यातच समाविष्ट मानला जातो. त्याने आधी नियमित हिशेब ठेवणे परवडते का ते पाहावे.

फाइलमध्ये काय असावे

कर्मचारी संख्येचा तक्ता, ठराव, भाडेकरार किंवा चालकाचा करार, चालकाच्या उद्यम नोंदणीची प्रत, मुलांचा हजेरीपट आणि प्रत्येक मुलापुढे आई किंवा वडिलांचा कर्मचारी क्रमांक, एवढे असले की बहुतेक प्रश्न पहिल्याच पत्रात मिटतात. हजेरीपट सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो आणि सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण खोली मुलांसाठीच वापरली गेली, गोदाम म्हणून नव्हे, हे दाखवणारा दुसरा कागद नसतो. हिशेबात ‘पाळणाघर’ नावाने स्वतंत्र खाती उघडावीत. ‘कर्मचारी कल्याण’ या एका शीर्षकाखाली दिवाळीची मिठाई, सहल आणि मावश्यांचे पगार एकत्र गेले तर लेखापरीक्षणाच्या वेळी ते निवडत बसावे लागते. लेखापरीक्षण लागू असलेल्यांनी अहवाल ३० सप्टेंबरपूर्वी आणि विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपूर्वी द्यायचे असते. पण वाचणारा कर त्याआधीच, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या आगाऊ कराच्या हप्त्यांत धरता येतो.

पुढे कधी पाळणाघर बंद झाले किंवा जागा बदलली आणि सामान विकले, तर आलेली किंमत त्या त्या घसारागटातून कमी करावी. ज्या वस्तूंचे जीएसटी क्रेडिट घेतले होते, त्यांची विक्री करताना प्रत्येक तिमाहीला पाच टक्के या दराने घटवून उरलेले क्रेडिट आणि विक्रीवरील कर यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती भरावी लागते. म्हणून पाच वर्षांच्या आत सामान विकण्याआधी मूळ बिले काढून हिशेबनीसाच्या हाती द्यावीत.